येडशी–तडवळ्याच्या मधला आमचा जुना रेल्वे थांबा : याची नोंद कुठं सापडेल?

बालाघाटचा_पोरगा

नमस्कार मंडळी.

कुर्डुवाडी–बार्शी–लातूर ही छोटी रेल्वे इथल्या बऱ्याच जणांनी पाहिली असेल. त्या रेल्वेवर येडशी सोडलं की कळंब रोडच्या, म्हणजे कसबे तडवळ्याच्या अलीकडं आमच्या शिवारात एक थांबा होता. ब्रॉडगेज झाली तेव्हा नवी लाइन येडशीहून धाराशिव शहराकडं वळवली आणि आमचा तुकडा कायमचा सुटला. रूळ उचलले, खडी लोकांनी नेली. भराव मात्र अजून आहे. त्याच्यावरून आता ऊसाच्या बैलगाड्या जातात.

थांब्याचं म्हणाल तर दगडी जोतं, तीन भिंती, तिकिटाची खिडकी आणि कुंपणाला उभे पुरलेले रुळाचे तुकडे एवढं उरलंय. आता गावात चर्चा आहे की ते पाडून तिथं सभामंडप बांधायचा. सभामंडपाला माझा विरोध नाही. पण पाडायच्या आधी हा थांबा कधी झाला, कुणी केला, इथून कोण जात-येत होतं, हे कुठंतरी लिहिलं गेलं पाहिजे. गावातल्या एकालाही त्याचं साल सांगता येत नाही. कुठं शोधू? कुणाकडं जुनं तिकीट, टाइमटेबल, फोटो आहे का?

ढोकीकर

एकदम जवळचा विषय काढलात. फोटो नाही, पण वडलांच्या ट्रंकेत पुठ्ठ्याचं एक तिकीट आहे, ढोकी ते बार्शी टाउन. बोटाच्या दोन पेरांएवढं असेल, मधोमध चिमट्याचं भोक. तारीख पुसलीय. हवं तर इथं टाकतो.

रुळवेडा

साल शोधायचं तर लाइन कधी झाली तिथून सुरू करा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनियर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला होता. मुंबई–सोलापूर मोठी लाइन बार्शीला बगल देऊन गेली होती आणि बार्शीच्या पेठेतला कापूस बैलगाड्यांनी स्टेशनवर जायचा. त्या स्टेशनचं नावच तेव्हा बार्शी रोड होतं, आजचं कुर्डुवाडी. कॅलथ्रॉपनं नोकरी सोडली, 1895 मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी काढली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा 21 मैलांचा पहिला टप्पा सुरू केला.

रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. त्याचं डोकं असं की इंजिन असो की वाघिण, कुठल्याच आसावर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग हलके रूळ चालतात, भराव कमी लागतो, पूल स्वस्तात होतात. लोकांना हे पटावं म्हणून गाड्या भारतात आणायच्या आधी त्यानं लीड्सजवळ न्यूले इथं तात्पुरती लाइन टाकून त्या चालवून दाखवल्या. पुढं जगभरच्या छोट्या रेल्वेनं त्याचे हिशेब वापरले. आणि याच माणसानं नंतर विमानातून उडी मारायची छत्री तयार केली, 'गार्डियन एंजल' नावाची. पहिल्या महायुद्धात ती वापरली गेली.

तुमच्या कामाचं एवढंच : बार्शी ते तडवळे 1907, तडवळे ते लातूर 1911. तुमचा थांबा तडवळ्याच्या अलीकडं, म्हणजे 1907 च्या टप्प्यातला. माझ्या मते प्रश्न सुटला.

निवृत्त_गार्ड

रुळवेडा, माहिती उत्तम दिलीत, पण प्रश्न सुटलेला नाही. लाइनचं साल ते थांब्याचं साल असं कधीच धरायचं नसतं. मी छोट्या लाइनीवरच नोकरी केली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

स्टेशन, फ्लॅग स्टेशन आणि हॉल्ट या तीन वेगळ्या गोष्टी. स्टेशनला मास्तर असतो, सिग्नल असतो, क्रॉसिंगला दुसरी लाइन असते, लाइन क्लिअर, म्हणजे पुढची लाइन मोकळी असल्याची परवानगी, दिल्याशिवाय गाडी हलत नाही. फ्लॅग स्टेशनला यातलं बहुतेक काही नसतं, पण तिकीट द्यायला रेल्वेचा माणूस असतो. हॉल्टला तोही नाही. गावातलाच एखादा जण कमिशनवर तिकिटं विकतो. तो मोठ्या स्टेशनातून तिकिटांचा गठ्ठा घेऊन यायचा आणि हिशेब द्यायचा. गाडी आली की शर्ट घालत पळत यायचा, असे मी पाहिले आहेत.

असे हॉल्ट लाइन झाल्यावर कितीतरी वर्षांनी लोकांच्या मागणीवरून होत गेले. तेव्हा 1907 आधी नाही, एवढंच पक्कं. बाकी शोधावं लागेल.

लातूरकर_अण्णा

त्या गाडीतून उतरायचं, शेतातला हरभरा उपटायचा आणि मागच्या डब्यात चढायचं, हे आम्ही लहानपणी केलेलं आहे. 😄

निवृत्त_गार्ड

अण्णा, ही गोष्ट मला प्रत्येक लग्नात कुणीतरी सांगतं. पांगरी ते येडशी चढाला, भरलेली गाडी असेल तर खरी आहे. बालाघाटाचा चढ आहे तो, इंजिन अक्षरशः धापा टाकायचं. पण ढोकी–मुरूड सपाटीला गाडी सोडून हरभरा उपटायला गेला असतात तर पुढच्या स्टेशनापर्यंत चालत आला असता.

लातूरकर_अण्णा

काका, हरभरा मुरूडचाच होता, आता तुम्हीच ठरवा. 🙏

पण एक गंभीरपणे लिहितो. या धाग्यावर सगळे हळवे होणार हे दिसतंय, म्हणून दुसरी बाजू. कुर्डुवाडीला मेल गाठायची म्हणजे लातूरहून अर्धा दिवस आधी निघायचं. पेशंट न्यायचा असला तर जीव टांगणीला. 2007 ला लातूर–धाराशिव आणि 2008 ला पुढं कुर्डुवाडीपर्यंत ब्रॉडगेज झाली म्हणून आज रात्री लातुरात बसून सकाळी मुंबईत उतरता येतं. आणि 2016 चा एप्रिल विसरू नका. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आमच्या गल्लीत लोक घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसले होते. छोटी लाइन तशीच राहिली असती तर ते पाणी कशावरून आलं असतं? छोटी गाडी गेली याचं मला वाईट वाटत नाही.

बालाघाटचा_पोरगा

अण्णा, तुमचं म्हणणं मान्य. ब्रॉडगेज नको होती असं आमच्या गावातही कुणी म्हणत नाही. पण लातूरला रेल्वे मोठी झाली आणि धाराशिवला नव्यानं मिळाली, तशी आमच्याकडची गेली. आम्हाला आता बार्शीला जायचं तर आधी येडशीच्या फाट्यावर जावं लागतं. ज्यांच्याकडून गेली त्यांच्याकडं निदान नोंद तरी राहावी, एवढंच मागणं आहे.

माहेरवाशीण

माझं माहेर येडशीकडचं. रुळवेडा भाऊंनी साहेबाचं छान लिहिलंय, पण या थांब्यांवर चढायचं कोण, ते कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

दसऱ्याच्या आगेमागे बालाघाटात सीताफळ येतं. आमच्या आईच्या पिढीतल्या बाया पहाटे डोंगरातून फळं तोडून आणायच्या, पाटीत खाली पळसाची पानं, मग फळं, वर परत पानं, आणि त्या पाट्या घेऊन गाडीला यायच्या. बार्शीचा बाजार धरायचा असायचा. पिकत आलेलं फळ वेगळ्या पाटीत, कारण ते संध्याकाळपर्यंत टिकत नाही. ते गाडीतच विकून टाकायचं. गाडी येडशीत आली की खिडकीखिडकीला या बाया. पाटीचं भाडं द्यायचं की नाही यावरून रोज भांडण आणि रोज मिटायचं. त्या पैशावर दिवाळीचं तेल-गूळ यायचं. पुरुषांना विचारायची गरज नसलेला तो पैसा होता.

एसटीत पाटी चढवू द्यायचे नाहीत, टपावर टाकली की फळाचा लगदा. गाडी बंद झाली तेव्हा हा धंदाच गेला. व्यापारी टेम्पो घेऊन बांधावर येऊ लागले आणि म्हणतील तो भाव. रेल्वेच्या इतिहासात हे येईल का? नसेल येत तर मला त्या इतिहासाचं काही वाटत नाही.

रुळवेडा

ताई, यायलाच पाहिजे. पण कॅलथ्रॉपही यायला पाहिजे. आसावरचा भार पाच टनांत बसवला नसता तर बालाघाटावर रेल्वे परवडलीच नसती, आणि मग पाट्या कशात चढल्या असत्या?

माहेरवाशीण

कॅलथ्रॉपचं नाव पुस्तकात आहे, कुठं जाणार नाही. या बायांची नावं कुठंच नाहीत आणि त्यातल्या आता मोजक्या उरल्यात. आधी कुणाकडं जायचं, एवढंच माझं म्हणणं.

सातबारा

+1 ताई.

तडवळ्याचा_माणूस

तडवळ्याचं नाव निघालंय आणि अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आमच्या कसबे तडवळ्यात महार-मांग परिषदेला आले होते. जुने लोक सांगतात, ते याच छोट्या गाडीनं कळंब रोड स्टेशनला उतरले आणि तिथून बैलजोड्या लावलेल्या गाडीतून त्यांची मिरवणूक निघाली. आमच्यासाठी ते स्टेशन म्हणजे बाबासाहेबांचे पाय लागलेली जागा आहे. आजही फेब्रुवारीत लोक येतात.

परिषद तडवळ्यातच का, तर चहूबाजूंनी निजामाचा मुलूख असला तरी आमचं गाव तेव्हा इंग्रजी हद्दीत होतं, सोलापूर जिल्हा, बार्शी तालुका.

ढोकीकर

बरोबर. म्हणजे बघा, गाडी बार्शीहून निघाली इंग्रजी हद्दीतून, येडशीला निजामात, तडवळ्याला परत इंग्रजीत, ढोकीला पुन्हा निजामात! आजोबा सांगायचे की निजामाच्या हद्दीत आलं की करोडगिरीवाले, म्हणजे निजामाचे जकातवाले, सामान उघडायला लावायचे. कापडाचं नवं पान दिसलं की जकात. म्हणून लग्नाचा बस्ता बार्शीत काढला तर बाया नवी लुगडी एकावर एक नेसून यायच्या. पैसेही वेगळे, इंग्रजी हद्दीत कलदार रुपया, निजामाकडं हाली.

पुढं रझाकारांच्या वर्षात हद्दीवरच्या गावांनी फार सोसलं. बार्शीकडं हैदराबादच्या कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. घरातली बाईमाणसं तिकडं पाठवायची तर आजोबा गाडीनं न्यायला भ्यायचे, रात्री रानातून चालत नेलं म्हणायचे. 13 ते 17 सप्टेंबर 1948 ची पोलीस ॲक्शन झाली आणि मग हद्दच गेली.

सातबारा

ढोकीकरांच्या प्रतिसादातच मूळ प्रश्नाची किल्ली आहे. @बालाघाटचा_पोरगा, तुमचं गाव 1948 आधी कुठल्या हद्दीत होतं? इंग्रजी असेल तर जुनं दप्तर सोलापूरकडचं, इंग्रजी-मराठीत. निजामाचं असेल तर उर्दूत.

बालाघाटचा_पोरगा

निजामाच्या. पणजोबांच्या जमिनीचा कागद उर्दूत आहे, वाचता येणारं घरात कुणी नाही.

सातबारा

मग असं करा. धाराशिवच्या भूमी अभिलेख कार्यालयात गावाचा जुना नकाशा मागा. रेल्वेची पट्टी त्यात वेगळी दाखवलेली असते. थांब्याजवळ ती पट्टी एकदम रुंद झालेली दिसली तर जागा सुरुवातीपासूनच स्टेशनसाठी घेतली होती. रुंदी सगळीकडं सारखीच असेल तर थांबा नंतर झालाय. मग तहसीलला 1954 चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे कुठली जमीन कुणाकडं याची जुनी नोंद, बघा, मराठवाड्यात ते मिळतंच. उर्दू कागदावर साल फसली, म्हणजे निजामाच्या कारभारातलं, असेल, त्यात 590 मिळवा. फसली 1317 म्हणजे आपलं साधारण 1907. महिने आजूर, दै, बहमन असे दिसतील, घाबरू नका.

आणि एक महत्त्वाचं. ती जागा कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. रूळ उचलले म्हणून जमीन आपोआप गावाची होत नाही. सातबाऱ्यावर रेल्वेचं नाव असेल तर सभामंडपाचा विचार रेल्वेच्या परवानगीशिवाय पुढं जाऊ शकत नाही. तुम्हाला वेळ मिळेल, गावाचा खर्चही वाया जाणार नाही.

येरमाळ्याचा_सदा

धागा वाचतोय. माहिती भारी. 🙏

रुळवेडा

कुंपणाचे रूळ बघा. रुळाच्या कुशीवर, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीवर, कारखान्याचं नाव, वजन आणि साल उमटवलेलं असतं. वरची माती खरवडून खडू आडवा फिरवा, अक्षरं उठून दिसतात. मोबाइलचा टॉर्च बाजूनं मारला तरी वाचता येतं. सुरुवातीचे रूळ यार्डाला 30 पौंडांचे होते, म्हणजे फूटभर तुकडा साडेचार किलोच्या आसपास भरेल.

बालाघाटचा_पोरगा

रविवारी गेलो होतो. खडू फिरवला. वजनाचा 30 स्पष्ट आहे. कारखान्याचं नाव गंजात गेलंय. सालाचे पुढचे दोन आकडे लागतात, 18. मागचे दोन नाहीत.

@रुळवेडा, 18 म्हणजे 1907 च्या आधीचा रूळ. मग आमच्याकडं कसा?

रुळवेडा

वा! म्हणजे तो पहिल्या बार्शी रोड–बार्शी टप्प्यासाठी आणलेला माल असणार. पुढं जड रूळ टाकले तेव्हा जुने काढून रेल्वेनं ते कुंपणाला, नाल्यावर, शेडच्या खांबाला लावले. एकही तुकडा वाया घालवायचे नाहीत. त्यामुळं या रुळावरून थांब्याचं साल ठरत नाही, पण वस्तू म्हणून तो तुकडा फार मोलाचा आहे. भंगारात जाऊ देऊ नका, हात जोडून सांगतो.

निवृत्त_गार्ड

मला त्या इमारतीबद्दल शंका आहे. हॉल्टसाठी कंपनी सहसा दगडी बांधकाम करत नसे, पत्र्याची शेड पुरायची. दगडी जोतं आणि जाड भिंती म्हणजे ती गँगमनची चौकी असावी. लाइन राखणारी टोळी हत्यारं ठेवायला, पावसात थांबायला अशा चौक्या वापरायची. तसं असेल तर चौकी लाइनीच्या वेळची आणि थांबा नंतर तिच्यात आलेला. तिकिटाची खिडकी नीट बघा. चौकट दगडात बसवलेली आहे, की भिंत फोडून बाजूला विटा लावल्यात?

बालाघाटचा_पोरगा

काका, कमाल आहे तुमची. विटाच आहेत! दोन्ही बाजूंनी विटा, वर लाकडी पाटली, आणि बाकी भिंत सगळी काळ्या दगडाची. इतकी वर्षं त्या खिडकीखाली बसलो, कधी लक्ष गेलं नाही. खालची फळी पैशांनी आणि हातांनी घासून मध्ये खोलगट झालीय, तीही बघितली.

आणि माहेरवाशीण ताईंचं ऐकून वाड्यावरच्या म्हाताऱ्या आजींकडं गेलो. मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. जसं बोलल्या तसं लिहितो :

"पोलीस ॲक्शनच्या वर्साला लगीन झालं माजं. तवा हितं टेशन-बिशन काय नव्हतं बाबा. गाडी वळणाला हळू व्हायची, गडीमाणसं उड्या टाकायची. बायांनी कसं टाकावं? येडशीपतुर चालत जायचो पाटी घेऊन. मंग गावानं अर्ज केला, लई खेपा घातल्या. माजं थोरलं लेकरू चालाय लागलं तवा हितं गाडी उभी ऱ्हायली पयल्यांदा. नारळ फोडला. डायवरला पेढं दिलं. म्या बी गेल्ते बघाया."

निवृत्त_गार्ड

हे सगळ्यात मोठं साधन मिळालं तुम्हाला. थोरला मुलगा चालायला लागला, म्हणजे 1950 ते 1955 च्या दरम्यान धरा. 1954 मध्ये सरकारनं कंपनीकडून ही लाइन विकत घेतली. अर्ज कंपनीला केला होता की सरकारी रेल्वेला, ते त्या आजींच्या वेळच्या कुणाला आठवतंय का पाहा. त्यावरून थांब्याचं साल आणखी नेमकं ठरवता येईल. पुढची टाइमटेबलं मध्य रेल्वेची असणार. सोलापूर विभागाकडं माहिती अधिकारात विचारा, हॉल्ट उघडल्याचं परिपत्रक निघालेलं असतं.

लातूरकर_अण्णा

आजींचं वाचून गप्प बसलो बराच वेळ. पोरा, ते रेकॉर्डिंग एका मोबाइलवर ठेवू नकोस. अजून दोन ठिकाणी कॉपी कर, आजच.

माहेरवाशीण

आजींना माझा नमस्कार सांगा. पुढच्या खेपेला एवढं विचारा : पाट्या घेऊन जाणाऱ्या बरोबरच्या बाया कोण कोण, त्यांची माहेरची नावं, बार्शीत कुठं बसायच्या, पाटीला किती मिळायचे, तिकीट किती होतं. अर्ज केला म्हणतात, त्यावर अंगठे कुणाकुणाचे होते? बायांचे होते का? गावानं केलेला अर्ज म्हणजे पाटील-देशमुखांनीच केला असं धरून चालू नका.

बालाघाटचा_पोरगा

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. आजी म्हणाल्या त्या "लई खेपा" कुणी घातल्या, ते विचारतो.

सोमवारी भूमी अभिलेखला अर्ज देतोय. सरपंचांशी बोललो, सातबारा बघेपर्यंत ते थांबायला तयार आहेत. रुळांचे तुकडे शाळेच्या आवारात हलवावेत असं मास्तर म्हणतात.

सातबारा

हलवू नका अजून. जागा रेल्वेची निघाली तर रूळही रेल्वेचेच, उगाच चोरीचा ठपका नको. जागेवरच मोजमाप करा, फोटो काढा, खिडकीच्या विटांची लांबी-रुंदी लिहून ठेवा. आणि उर्दू कागद स्कॅन करून मला पाठवा. आमच्या ऑफिसातले एक निवृत्त सद्गृहस्थ अजून वाचून देतात, पण त्यांची दृष्टी अधू होत चाललीय, तेव्हा या आठवड्यातच पाठवा.